ऑक्टोबरच्या संध्याकाळी सात वाजता: सौर-पवन वाढवताना मुंबईची वीज अखंड ठेवण्याचं नियोजन

वीज कंपनीने वीज नियामक आयोगाकडे केलेली दर-याचिका जाहीर झाली की आपण सगळे त्यात एकच आकडा शोधतो: युनिटमागे किती पैसे वाढणार. आमच्या छोट्या ग्राहक गटासाठी मी या याचिका वाचायला बसलो तेव्हा मीही तेच करायचो. पुढे लक्षात आलं की वर्षभरात किती दशलक्ष युनिटं कुठून घेणार याचा तक्ता याचिकेत ठळकपणे असतो, पण ऑक्टोबरच्या एखाद्या संध्याकाळी सात वाजता वीज नेमकी कुठून येणार हे मागून घ्यावं लागतं. सौर आणि पवन वीज वाढत जाते तसा हा दुसरा तक्ताच खरा ठरतो. दुपारी एकचं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट बिलावर सारखं दिसलं, तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

सोसायट्यांचे पदाधिकारी, ग्राहक प्रतिनिधी आणि या क्षेत्रात नव्याने आलेले अभियंते यांना नियोजनाचा कागद तपासता यावा, किंवा स्वतः मांडता यावा, म्हणून हे लिहितो आहे. एक स्प्रेडशीट आणि थोडा चिवटपणा एवढं पुरेल.

पायरी १: शहराचा दिवस कागदावर काढा

ग्रिडमध्ये विजेचं वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या तुकड्यांनी ठरतं. दिवसाचे ९६ तुकडे होतात. मागच्या तीन वर्षांची मागणी याच तुकड्यांत मागा. कंपनीकडे ती असतेच. तिच्या शेजारी रोजचं तापमान आणि दमटपणा ठेवा, कारण मुंबईत मागणी घामामुळेही वाढते.

शहराची कमाल मागणी आता ४,००० मेगावॅटच्या पुढे जाते. राज्याच्या इतर भागांपेक्षा तिचा आकार वेगळा आहे. शेतीपंप नाहीत, मोठे कारखाने थोडे. दुपारी कार्यालयं, मॉल आणि रुग्णालयांची वातानुकूलन यंत्रणा जोरात असते. संध्याकाळी कार्यालयं पुरती बंद झालेली नसतात तोवर घरं जागी होतात. आणि उकाड्याच्या दिवसांत उपनगरांतले एसी मध्यरात्रीपर्यंत मागणीचा वक्र खाली येऊ देत नाहीत. हा शेवटचा भाग दर वर्षी जड होत चालला आहे, आणि तो सूर्यास्तानंतरचा आहे.

सगळ्या ३६५ दिवसांचा हिशेब जमत नसेल तर निदान तीन दिवस घ्या: मेच्या मध्यातला एक, जुलैत पाऊस झोडपत असतानाचा एक आणि ऑक्टोबरच्या मध्यातला एक. मागणी मेमध्ये सर्वांत जास्त असली, तरी माझ्या मते मुंबईचा अवघड महिना ऑक्टोबर आहे. पाऊस गेलेला असतो, घाटमाथ्यावरचा पावसाळी वारा पडलेला असतो आणि ऊन परत आलेलं असतं. मेमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यात सव्वासहालाच. राजस्थानातून सौर वीज आणली म्हणून सुटका होत नाही. त्या दिवसांत जैसलमेरचा सूर्यही जवळपास त्याच वेळी मावळतो. त्यातच रब्बीचे पंप सुरू होऊ लागतात, म्हणजे राज्याची बाकीची मागणीही त्याच विजेसाठी बाजारात उभी असते.

पायरी २: सौर आणि पवन वजा करा

प्रत्येक तुकड्यातल्या मागणीतून त्या तुकड्यातली सौर-पवन निर्मिती वजा करा. उरते ती निव्वळ मागणी, आणि नियोजन करायचं ते हिचं. सरासरी निर्मिती कधीही वापरू नका. समजा पवनचक्की वर्षभरात सरासरी क्षमतेच्या तीस टक्के वीज देते, तरी यावरून तिच्या ऑक्टोबरच्या संध्याकाळबद्दल काहीच कळत नाही. मागणी ज्या दिवसाची घेतली, निर्मितीही त्याच दिवसाची घ्या. ढग, वारा आणि एसी एकाच हवामानाने हलतात.

या वक्रात दोन जागा पाहा. पहिली दुपारचा खड्डा, जिथे कोळशाच्या संचांना उत्पादन खाली आणावं लागतं. सध्याच्या नियमांनुसार त्यांना ५५ टक्के भारापर्यंत उतरता आलं पाहिजे, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. दुसरी जागा साडेपाच ते साडेसातची चढण. त्या दोन तासांत किती मेगावॅट वर न्यावे लागतात हे वेगळं लिहून ठेवा. क्षमता पुरेशी असूनही ती वेगाने वर येत नसेल, तर त्या संध्याकाळी ती नसल्यासारखीच.

पायरी ३: किती अखंड, ते आकड्यात ठरवा

‘चोवीस तास वीज’ ही घोषणा झाली, निकष नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियोजनात दोन मापं वापरली जातात: मागणी पुरी न होण्याची शक्यता ०.२ टक्क्यांपेक्षा कमी, आणि न पुरवली गेलेली वीज एकूण गरजेच्या ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी. वर्षाच्या ८,७६० तासांत ०.२ टक्के म्हणजे साडेसतरा तास. मुंबईने याहून कडक निकष मागावा असं मला वाटतं. त्याची किंमत मात्र याचिकेत उघडपणे लिहायला लावावी. रस्त्याखालची केबल जळून तुमच्या गल्लीत अंधार झाला तर तो या हिशेबात येत नाही. तो वितरण जाळ्याचा, वेगळ्या खर्चाचा प्रश्न आहे. सुनावणीत हे दोन प्रश्न एकत्र झाले की दोन्ही बाजूला पडतात.

पायरी ४: भरवशाचे मेगावॅट मोजा

यंत्रावर लिहिलेली क्षमता सोडा. अडचणीच्या तासाला त्यातलं किती हाताशी येईल तेच मोजा. एक काल्पनिक कंपनी घेऊ. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सहा ते अकरा, पाच तास तिची मागणी सपाट ९०० मेगावॅट आहे. करार असे: सौर ७००, पवन ३००, औष्णिक ५००, जलविद्युत १५० (दिवसाला चार तास पुरेल इतकं पाणी) आणि १०० मेगावॅटची दोन तासांची बॅटरी. बेरीज १,७५० मेगावॅट, म्हणजे मागणीच्या जवळपास दुप्पट. वाचणाऱ्याला वाटतं, चिंता नाही.

आता सात वाजताचा हिशेब. सौर शून्य. पवनचे दहा टक्के धरले तर ३०. औष्णिकमधून बिघाड आणि केंद्राचा स्वतःचा वापर मिळून पंधरा टक्के वजा करू, राहिले ४२५. जलविद्युत १५०, बॅटरी १००. एकूण ७०५. तूट १९५ मेगावॅट.

बरेच तक्ते इथे थांबतात, आणि चूक इथेच होते. वीज पाच तास हवी आहे. चार तासांचं पाणी पाच तासांवर पसरलं तर १५० चे १२० होतात. बॅटरीत २०० मेगावॅट-तास आहेत, पाच तासांना भागले की ४० मेगावॅट. नवी बेरीज ४२५, १२०, ३० आणि ४० मिळून ६१५. तूट २८५ मेगावॅट. एका क्षणाच्या हिशेबाने ९० मेगावॅटची तूट झाकून ठेवली होती. वर पाच टक्के राखीव धरली तर शोधायचे आहेत ३३० मेगावॅट. साठवणीचा प्रत्येक आकडा वाचताना म्हणूनच लगेच विचारा: किती तास?

साठवण भरायची कशाने, हेही तपासा. पाच तासांची २८५ मेगावॅटची तूट म्हणजे १,४२५ मेगावॅट-तास. उदंचन प्रकल्पात (शिल्लक विजेने पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज घ्यायची) पाणी वर चढवायला साधारण पाच युनिटं लागतात तेव्हा चार परत मिळतात, म्हणजे आधी सुमारे १,७८० मेगावॅट-तास शिल्लक हवेत. दुपारी मागणी ९५० आहे, सौर ऐंशी टक्के चालून ५६० देते, औष्णिक ५५ टक्क्यांवर उतरून २७५. जलविद्युत संध्याकाळसाठी राखून ठेवली आहे आणि वारा पडलेला आहे. बेरीज ८३५. शिल्लक नाहीच, उलट मागणी भागवायलाच औष्णिक पुन्हा वर न्यावं लागेल. या कंपनीने नुसती बॅटरी विकत घेतली तर ती रिकामीच राहील. आणखी सौर हवं, किंवा दुपारी बाजारातून घेण्याची तजवीज हवी. साठवण आणि तिचा चारा एकाच पानावर मांडलेला नसेल तर ते नियोजन अर्धवट समजा.

पायरी ५: वाईट दिवसांची परीक्षा घ्या

सरासरी वर्षात सगळं जमतं. त्यामुळे कागदावर वाईट दिवस आणा: सलग पाच दिवस ढगाळ जुलै, कोळशाचा मोठा संच बंद असताना आलेली ऑक्टोबरची उष्णतेची लाट, धरणं अपुरी भरलेलं वर्ष, आणि एप्रिल २०२२ सारखी देशभरची कोळसाटंचाई, जेव्हा बाजारातला भाव सरळ कमाल मर्यादेला जाऊन टेकला. प्रत्येक दिवशी किती मेगावॅट, किती तास कमी पडतात ते लिहा. चारही परीक्षांत उत्तीर्ण होण्याइतकी खरेदी परवडणार नाही. कोणत्या परीक्षेत किती नापास चालेल हे आयोगासमोर उघड ठरावं, अंधारात ठरू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

पायरी ६: शहराच्या आत काय आहे ते पाहा

मुंबईची गोष्ट इथे बाकीच्या शहरांपासून वेगळी होते, म्हणून इथे जरा थांबू. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास शहर बंद पडलं. लोकल रुळांवर थांबल्या. आमच्या इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या आजींशी आम्ही दाराच्या फटीतून बोलत बसलो होतो. देशात त्या दिवशी विजेचा तुटवडा नव्हता. कळवा-पडघा परिसरातून शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक निकामी झाल्या आणि बाहेरची वीज आत येईना.

अशा वेळेसाठीच मुंबईची आयलँडिंग यंत्रणा आहे, दशकांपूर्वी उभारलेली. बाहेरचं ग्रिड कोसळलं की शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि आतल्या केंद्रांवर तगून राहायचं. त्या सकाळी ती टिकली नाही. आत चालू असलेली निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती. कारण साधं होतं, आणि ते सगळे नियम पाळूनच घडलं होतं: बाहेरची वीज स्वस्त, म्हणून मेरिट ऑर्डरप्रमाणे, म्हणजे स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमाने, आतले महाग संच मंद किंवा बंद. मेरिट ऑर्डर युनिटचा भाव पाहते. संच कुठे उभा आहे ते पाहत नाही.

आतली, म्हणजे मुंबईच्या यंत्रणेला जोडलेली, क्षमता मोजूनच पाहा. ट्रॉम्बे ९३०, डहाणू ५००, आणि खोपोली, भिवपुरी, भिरा मिळून सुमारे ४४७ मेगावॅट. सगळं एकाच वेळी पूर्ण चाललं तरी उन्हाळ्यातल्या कमाल मागणीच्या निम्म्यापर्यंत पोचत नाही. खोपोलीचं केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देतं आहे, आणि घाटाच्या पायथ्याची ही तिन्ही केंद्रं आजही अनमोल आहेत, कारण ती काही मिनिटांत पूर्ण भाराला येतात. भिऱ्यात तर १५० मेगावॅटचा उदंचन संचही आहे.

नियोजनात त्यामुळे तीन गोष्टी वेगळ्या लिहायला लावा. एक, वाहिन्या: खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि कुडूस ते आरे १,००० मेगावॅटची एकदिश प्रवाहाची वाहिनी हाती घेतली गेली, यातली सर्वांत मोठी एक बंद पडली तर उरलेल्या वाहिन्या भार पेलतात का? दोन, आयलँडिंगसाठी दर तासाला आत किमान किती निर्मिती चालू ठेवायची, आणि त्यासाठी महाग संच चालवण्याचा जादा खर्च कोणी सोसायचा. हा खर्च युनिटच्या दरात मिसळू नये. सुरक्षिततेचा हप्ता म्हणून वेगळा दिसावा. तीन, शहरातल्या बॅटऱ्या. तंत्रज्ञानाचा मला सर्वाधिक भरवसा वाटतो तो इथे. ग्रिड तुटतं तेव्हा ५० हर्ट्झची वारंवारता सेकंदांत घसरते. कोळशाच्या संचाचं जड फिरतं चक्र ती घसरण थोडी थोपवतं. सौर पॅनेलमागे असं चक्र नसतं. बॅटरी मात्र सेकंदाच्या अंशात वीज आत लोटू शकते, फक्त तिचा इन्व्हर्टर त्यासाठी बनवलेला असायला हवा. तशी अट निविदेतच हवी. आणि शहराच्या आतल्या बॅटरीला बाहेरच्या बॅटरीपेक्षा थोडा जास्त भाव मिळणं योग्यच आहे, कारण ती दोन कामं करते.

पायरी ७: करार तासांचे करा

आपण दाभोळ पाहिलेलं राज्य आहोत. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, तेही महाग इंधनावर आणि डॉलरशी बांधलेले. २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला. त्यातून ‘क्षमतेसाठी पैसे देणंच चूक’ असा धडा पुष्कळांनी घेतला. तो अर्धाच बरोबर आहे. उभी राहिलेली क्षमता फुकट मिळत नाही. चूक होती किती, कोणत्या भावाने आणि कोणत्या अटींवर यात. संध्याकाळी हजर राहण्याचे पैसे द्यावेत, आणि हजर नसेल तर तितकाच बोचणारा दंडही लावावा.

भाव तासांप्रमाणे कसे फुटतात हे जानेवारी २०२० च्या एका केंद्रीय निविदेत स्वच्छ दिसलं. साठवणीसह नूतनीकरणीय वीज: इतर वेळी युनिटला २.८८ रुपये, मागणीच्या कमाल सहा तासांत ६.१२ रुपये. मुंबई उपनगरांसाठी सौर-पवन मिश्र वीज ३.२४ रुपयांनी मिळाली तीही चांगलीच खरेदी होती. पण ती युनिटांची खरेदी आहे, सातच्या हजेरीची हमी नव्हे. दोन आकडे शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवण्याआधी काय विकत घेतलं ते पाहा.

बॅटरीचा दर मेगावॅटला महिना असा येतो, त्याचं युनिट करून घ्या. दोन तासांची बॅटरी दिवसातून एकदा रिकामी केली तर एका मेगावॅटमागे महिन्याला ६०,००० युनिटं. २०२२ मध्ये मोठ्या निविदेत १०.८४ लाख रुपये दर आला होता. म्हणजे युनिटमागे साठवणीचाच खर्च अठरा रुपये. पुढे सरकारी मदतीसह बोल्या तीन लाखांच्या खाली आल्या, म्हणजे पाच रुपयांच्या आत. वर भरायच्या विजेची किंमत आणि गळती धरा. लांब तासांसाठी सह्याद्रीतल्या उदंचनाचा विचार व्हायलाच हवा. भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅटच्या प्रकल्पांचा राज्य सरकारशी सामंजस्य करार २०२३ मध्ये झाला आहे. बॅटरी वर्षा-दीड वर्षात उभी राहते, डोंगरातलं काम त्याहून कितीतरी जास्त वर्षं घेतं. दोन्हींची तारीख नियोजनात वेगवेगळी दिसली पाहिजे.

पायरी ८: बाजारावर किती विसंबायचं याची मर्यादा लिहा

वीज बाजारात उद्याची वीज आज बोली लावून मिळते, आणि जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला होणाऱ्या लिलावातून तासाभरानंतरचीही. सौर-पवनचा अंदाज चुकला की सावरायला हा बाजार उत्तम आहे. दुपारी भाव पडतात तेव्हा साठवण भरायलाही. संध्याकाळची पायाभूत गरज मात्र त्यावर टाकू नका. कमाल भाव १० रुपयांवर बांधलेला आहे. ऐन टंचाईत भाव तिथे अडकला की पैसे देण्याची तयारी असूनही पूर्ण वीज मिळत नाही, मागणी प्रमाणात कापली जाते. आमच्या गटाची सूचना अशी: पायरी ४ मधल्या तुटीपैकी फार तर पाचवा हिस्सा बाजारावर, उरलेला कराराने.

पायरी ९: ग्राहकालाही नियोजनात धरा

वेळेनुसार दर हा यातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे सौर तासांत दर किमान वीस टक्के कमी असायला हवा. सोसायटीने पाण्याची टाकी भरण्याचा पंप आणि गाड्यांचं चार्जिंग दुपारकडे वळवलं तर फायदा बिलात दिसतो. मोठ्या इमारतींनी एसीची थंडी दुपारी साठवली तर आणखी. मात्र दोन खोल्यांच्या घरात एकच पंखा आणि एकच दिवा असेल, तर संध्याकाळी पुढे ढकलण्यासारखं त्या घराकडे काही नसतं. अशा कमी वापराच्या ग्राहकाला संध्याकाळच्या जादा दरातून वगळा, असं आम्ही प्रत्येक वेळी लिहितो.

पायरी १०: सुनावणीत मांडा

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे संसाधन पर्याप्ततेचे विनियम २०२४ पासून आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षांची क्षमता आधी दाखवणं हे कंपन्यांचं कामच आहे. दर-याचिकेवर हरकती आणि सूचना आयोगाच्या संकेतस्थळावरून नोंदवता येतात. जाहिरातीतली मुदत पाळा. निवेदन दोन पानांत बसवा. पहिल्या पानावर ऑक्टोबरच्या संध्याकाळचा तुमचा तक्ता: स्रोत, करारातले मेगावॅट, सात वाजताचे मेगावॅट, किती तास, शहराच्या आत की बाहेर. दुसऱ्या पानावर प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली याचिकेतला पान क्रमांक. ‘नियोजन अपुरे आहे’ असं लिहिलं तर उत्तर येतं ‘नोंद घेतली’. ‘सहा ते अकरा या तासांत २८५ मेगावॅट कुठून येतील, वर्ष आणि करारासह सांगा’ असं लिहिलं, तर कंपनीला लेखी आकडा द्यावा लागतो. तो मिळाला की तारीख घालून जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या याचिकेशी ताडून पाहायला तो लागतो.